आकड्याचा वाद मिटेपर्यंत भिंती तशाच ठेवायच्या का?

तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या, हिंदुस्तान युनिलिव्हरच्या थर्मामीटर कारखान्याचा विषय निघाला की चर्चा एकाच आकड्यावर येऊन अडते. एक किलो मातीत २० मिलिग्रॅम पारा राहिला, तर ती जमीन स्वच्छ झाली असे म्हणायचे की नाही? कारखाना २००१ मध्ये बंद झाला. पारा असलेला सुमारे २९० टन कचरा २००३ मध्ये अमेरिकेला रवाना झाला. ५९१ माजी कामगारांशी २०१६ मध्ये तडजोड झाली. मातीचा वाद मात्र या सगळ्यानंतरही चालूच राहिला. २० चा आकडा मान्य करणारे म्हणतात, याहून कडक मर्यादा लावली तर उतारावरची शोला झाडी उपटावी लागेल आणि सुटी झालेली माती पावसाबरोबर खाली पांबारच्या पात्रात जाईल. विरोधक विचारतात, कंपनीच्या मायदेशी, ब्रिटनमध्ये, एवढा पारा मागे ठेवून कुणी उठून गेले असते तर तिथल्या लोकांनी ते चालवून घेतले असते का? दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसे आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही हा वाद चुकीच्या पद्धतीने घातला जातो आहे. आकडा ठरला की प्रश्न सुटला, आणि ठरत नाही तोवर हातावर हात ठेवून बसायचे, असे दोन्ही बाजूंनी जणू गृहीत धरले आहे. पारा मुरलेल्या मातीवर ज्यांची घरे आहेत त्यांच्यासाठी हे गृहीतकच घातक आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मातीतला पारा ज्या वाटांनी माणसाच्या अंगात शिरतो त्या वाटा बंद करण्याचे काम सर्वांत आधी, सार्वजनिक खर्चाने, घराघरांत सुरू झाले पाहिजे. किती मिलिग्रॅमला स्वच्छ म्हणायचे, जबाबदार कोण, भरपाई किती, हे वाद जरूर चालावेत, पण या कामाच्या जोडीने. त्यांचा निकाल ही या कामाची पूर्वअट असता कामा नये. कोडाईकनालची बरीचशी दूषित जमीन निदान कुंपणाच्या आत आहे. जिथे दूषित मातीच भिंत म्हणून उभी आहे, तिला टेकून लोक जेवतात आणि तिच्याकडेला मुले झोपवतात, अशा गावाचे उदाहरण घेतले की हा मुद्दा स्पष्ट होतो. असे गाव पेरू देशात आहे. अँडीज पर्वतात साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले वांकाव्हेलिका.

या गावाच्या डोक्यावर सांता बार्बरा नावाची पाऱ्याची खाण आहे. स्पॅनिश लोकांनी १५६४ च्या सुमारास तिचा ताबा घेतला. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरातली चांदी खनिजापासून सुटी करायला पारा लागे, आणि अमेरिका खंडात इतका पारा दुसरीकडे कुठेच मिळत नव्हता. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात खाण राजाच्या मालकीची केली आणि डोंगराळ भागातल्या गावांवर आळीपाळीने मजूर पाठवण्याची वेठ लादली. खाणीतून निघे तो हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. रसशास्त्र जाणणाऱ्या वैद्यांना हे ठाऊक असते की हिंगूळ तापवला की गंधक जळून जातो, पारा वाफ होऊन उडतो आणि ती वाफ थंड केली की पारा हाती लागतो. वांकाव्हेलिकात हेच काम अवाढव्य प्रमाणात झाले. इचू नावाचे डोंगरी गवत जाळून भट्ट्या पेटवत. १६३० च्या दशकात लोपे दे सावेद्रा बार्बाने मातीच्या नळ्यांची माळ जोडलेली भट्टी तिथे बसवली, आणि पुढे ती स्पेनमधल्या आल्मादेनच्या खाणीनेही उचलली. पण मातीच्या नळ्यांचे सांधे गळत. भट्ट्या गावातच होत्या. १५६४ ते १८१० या काळात सुमारे १७,००० टन पारा वाफ होऊन इथल्या हवेत गेला असा इतिहासकार आणि पर्यावरणतज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यातला जड भाग दरीतच खाली बसला. भट्ट्यांची राख आणि जळका दगड तिथेच पसरला गेला. त्या पाऱ्यावर निघालेल्या चांदीची नाणी युरोपमार्गे सुरतेच्या बंदरात उतरत आणि टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये पडत. सतराव्या शतकात आपल्याकडे खेळणाऱ्या चांदीचा एक धागा या गावाच्या मातीपर्यंत जातो, हे इथे सांगून ठेवावेसे वाटते.

खाण विसाव्या शतकात, १९७० च्या दशकात, बंद पडली. माती राहिली. आणि गरीब डोंगरी गावात घर बांधायचे तर ते पायाखालच्या मातीचेच. माती खणायची, पाणी आणि गवत घालून तुडवायची, साच्यात घालून विटा पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. या कच्च्या विटांनाच तिकडे अडोबे म्हणतात. भिंतीला आतून गिलावा नसला आणि जमीन मातीचीच असली, की चारशे वर्षांच्या भट्ट्यांनी जमिनीत ठेवलेले सारे काही घराच्या आत येते. संशोधकांनी या गावातल्या ६० घरांचे नमुने घेऊन २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विटांमध्ये किलोमागे ८ पासून १,०७० मिलिग्रॅमपर्यंत पारा सापडला आणि मातीच्या जमिनीत सुमारे ३ पासून ९२६ पर्यंत. राहत्या जागेतल्या मातीत पाऱ्याचे क्षार किलोमागे २३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असतील तर पुढे तपासणी करावी, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. शिवाय त्याच विटांत शिसे होते आणि आर्सेनिकही होते.

हे आकडे समोर आल्यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. एक बाजू म्हणते, मर्यादेच्या चाळीसपट पारा आहे, गाव उठवा. दुसरी म्हणते, हा बहुतेक पारा गंधकाशी जखडलेला आहे, हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पोटातून जसा आला तसा निघून जातो, तेव्हा उगाच घाबरवू नका. हिंगूळ तर औषधात घालतात, असे आपल्याकडेही कुणी म्हणेल.

दुसऱ्या बाजूचे रसायनशास्त्र खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. एकूण पारा आणि अंगाला लागणारा पारा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पातळ पारा गिळला तर आतड्यातून रक्तात जवळजवळ काहीच जात नाही, पण त्याचीच वाफ श्वासातून गेली तर सुमारे ८० टक्के अंगात राहते. विरघळणारे क्षार पोटातून थोडे शोषले जातात, माशांमधला मिथिल पारा जवळजवळ सगळा. हिंगूळ या सगळ्यांत सर्वांत आळशी. पण म्हणून प्रश्न संपतो का? हिशेब करून पाहू. रांगणारे मूल दिवसाला साधारण १०० मिलिग्रॅम धूळ-माती गिळते असे धरतात. बोटे तोंडात जातात, जमिनीवर पडलेले खेळणे तोंडात जाते. वीट किलोमागे ५०० मिलिग्रॅमची असेल तर त्या धुळीतून रोज ५० मायक्रोग्रॅम पारा पोटात जाईल. मूल दहा किलोचे असेल तर वजनाच्या किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या विरघळणाऱ्या क्षारासाठी रोजची सुरक्षित मात्रा किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम धरली जाते. म्हणजे सगळा पारा क्लोराइडसारखा शोषला गेला तर सोळापटींहून जास्त. शोषण त्याच्या ५ टक्केच असेल तर ०.२५, मर्यादेच्या जेमतेम आत. १० टक्के असेल तर ०.५, मर्यादेबाहेर. म्हणजे गाव वाचले की बुडाले हे ५ आणि १० टक्क्यांमधल्या फरकावर ठरणार. तो फरक प्रयोगशाळेत, कृत्रिम जठररसात माती ढवळून, प्रत्येक मोहल्ल्यासाठी वेगळा काढावा लागतो आणि त्यावरही तज्ज्ञ भांडतात. पण त्याच हिशेबातला दुसरा आकडा, तो १०० मिलिग्रॅम धुळीचा, गवंडी आणि ओले फडके यांच्या जोरावर काही दिवसांत निम्म्याच्याही खाली आणता येतो. मग शोषण ५ टक्के निघो नाही तर १०, मूल बरेच सुरक्षित झालेले असते. ज्या आकड्यावर आपला हात चालतो तो सोडून, न चालणाऱ्या आकड्यावर वर्षे का घालवायची?

शिवाय सगळा पारा हिंगूळच असतो, हेही खरे नाही. भट्टीतून निसटलेला धातुरूप पारा मातीत बारीक थेंबांच्या रूपाने राहतो. थंडीत तो गप्प बसतो आणि खोली तापली की वाफ देऊ लागतो. २० अंशांना बंद जागेतली हवा पाऱ्याने पुरती भरली तर एका घनमीटरात १३-१४ मिलिग्रॅम वाफ मावते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक सरासरीची मर्यादा आहे एक मायक्रोग्रॅम. हजारो पटींचे अंतर असल्यामुळे अगदी थोडा पारा आणि थोडी कोंदट हवा पुरते. वांकाव्हेलिकात रात्री कडाक्याची थंडी, म्हणून दारे-खिडक्या लावलेल्या. चूल त्याच विटांची असेल तर तिथल्या मातीला रोज आच लागते. हिंगूळ विरघळत नाही हे वाक्य पोटासाठी खरे आहे. चुलीला ते लागू नाही. आणि शिशाचे काय? शिशाची बरीच संयुगे जठरातल्या आम्लात सुटतात, आणि मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी अजून सापडलेली नाही. पाऱ्याच्या आकड्यावर भांडता भांडता त्याच विटेतल्या शिशाकडे पाठ फिरते, हा या वादाचा सर्वांत मोठा तोटा आहे. धूळ बंद केली की तिन्ही विषांची वाट एकदम आखडते.

साडेचारशे वर्षे लोक तिथे राहत आहेत, कुठे कोण मेले, हा प्रश्न गावातलेच लोकही विचारतात. तो उडवून लावण्यासारखा नाही. नाट्यमय आजार दिसत नाहीत, हे खरे. पण थोड्या पाऱ्याचे दीर्घकाळचे परिणाम नाट्यमय नसतातच. हात किंचित थरथरणे, चिडचिड, झोप न लागणे, मूत्रपिंडातून प्रथिने झिरपू लागणे, मूल शाळेत मागे पडणे. गरिबीच्या गावात यातल्या प्रत्येकाला दुसरे कारण हाताशी असते. म्हणूनच योग्य तपासणी महत्त्वाची, आणि नेमकी तीच अनेकदा चुकते. केसांतला पारा तपासून सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देणे ही नेहमीची चूक. केस मुख्यतः माशांतून आलेल्या मिथिल पाऱ्याची खबर देतात. धूळ आणि वाफेतून आलेला पारा लघवीत शोधावा लागतो. सकाळची पहिली लघवी, पाऱ्याचा अंश नसलेली बाटली, आणि क्रिएटिनिनच्या, म्हणजे लघवी किती पातळ किंवा घट्ट आहे हे सांगणाऱ्या घटकाच्या, प्रमाणात काढलेला आकडा. जर्मनीत लघवीच्या लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावध होण्याची आणि २५ ही कृती करण्याची पातळी मानतात. आधी पारा बाहेर ओढणारे औषध देऊन मग लघवी तपासण्याचा धंदाही कुठे कुठे चालतो. तसा आकडा कोणाचाही फुगलेलाच येतो, त्याची तुलना कशाशीही करता येत नाही. आणि औषधाने पारा उतरवून मुलाला पुन्हा त्याच भिंतीशेजारी झोपवायचे, याला उपचार म्हणता येणार नाही.

घरातला पारा मुलांपर्यंत कसा पोचतो याचा धडा अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात १९८० च्या दशकात मिळाला होता. तिथल्या थर्मामीटर कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांच्या लघवीत लिटरमागे सुमारे २५ मायक्रोग्रॅम पारा निघाला, शेजारपाजारच्या इतर मुलांमध्ये सुमारे ५. मुले कारखान्यात कधी गेली नव्हती. पारा बापाच्या, आईच्या कपड्यांतून आणि बुटांतून घरी येत होता. मुलांमध्ये लक्षणे दिसत नव्हती, तरीही तिथे कारखान्यातच कपडे बदलण्याची सोय व्हायला हवी याबद्दल कोणाला शंका राहिली नाही. आधी आजारी मुले दाखवा, मग कपडे बदलण्याची खोली बांधू, असे म्हणणे कुणाला शोभले असते?

आजारी माणसे दाखवा, कारण सिद्ध करा, मग बघू, हा हट्ट जपानमधल्या मिनामाताने किती महागात भोगला हे आठवून पाहावे. तिथे रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा उपसागरातल्या माशांतून लोकांच्या अंगात गेला. आजाराची अधिकृत नोंद मे १९५६ मधली. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जुलै १९५९ मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. लगेच प्रतिवाद उभे राहिले. युद्धानंतर समुद्रात टाकलेल्या स्फोटकांचा हा परिणाम आहे, सडक्या माशांतल्या अमाइनांचा आहे, विद्यापीठाचा पुरावा अपुरा आहे. पुराव्यात उणिवा खरोखरच होत्या, पाऱ्याचे नेमके संयुग कारखान्यात कसे बनते हे तेव्हा पुरते उलगडले नव्हते. पण उपसागरातले मासे खाण्यापासून लोकांना थांबवून त्यांची पोटापाण्याची सोय करायला ते उलगडण्याची गरज होती का? सरकारने कारण मान्य केले सप्टेंबर १९६८ मध्ये, ज्या प्रक्रियेतून पारा येत होता ती कंपनीने बंद केल्यावर चार महिन्यांनी. मधल्या काळात, १९६५ मध्ये, निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी दुसऱ्या एका कारखान्यामुळे तोच आजार पुन्हा उद्भवला.

आता माझ्या भूमिकेवरचा सर्वांत जोरदार आक्षेप, आणि तो पर्यावरण चळवळीतूनच येतो. अंगात जाणाऱ्या वाटा पाहा, एकूण आकडा पाहू नका, ही भाषा प्रदूषण करणाऱ्यांची आवडती भाषा आहे. अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिज इथे अण्वस्त्रांसाठी लिथियम वेगळे करताना प्रचंड पारा ओढ्यात गेला. ओढ्याकाठची माती कितपत साफ करायची याचा विचार किलोमागे ५० मिलिग्रॅमपासून सुरू झाला, मग १८० झाला आणि १९९५ मध्ये ४०० वर स्थिरावला. कारण हेच सांगितले की तिथला पारा बहुतांशी गंधकाशी जखडलेला आहे, पोटातून शोषला जात नाही. आठपट सवलत त्या एका युक्तिवादाने मिळवली. कोडाईकनालमध्ये २० चा आकडा आला तोही जागेनुसार धोका मोजण्याच्या याच पद्धतीतून. तेव्हा वाटांची भाषा बोलणारा माणूस कंपनीच्या हाती कोलीत देतो, ही भीती अनाठायी नाही. पण तिथे वाटांचा विचार नेमका कशासाठी झाला ते पाहा. धोका किती कमी आहे हे कागदावर दाखवून खोदाई टाळण्यासाठी. वाटा आहेत हे मान्य करून त्या बंद करण्यासाठी नव्हे. मी जे म्हणतो आहे त्यात वाट बंद केल्याने जबाबदारी एका मिलिग्रॅमनेही कमी होत नाही. भिंतीला गिलावा केला म्हणून भिंतीतला पारा गेला असे कोणी लिहून दिले तर ते खोटे आहे, आणि घराच्या नोंदीत तसे स्पष्ट लिहिले पाहिजे: आत किती पारा आहे, कधी झाकला, कोणी झाकला, पुन्हा कधी तपासायचा. आकड्यासाठी लढणाऱ्यांना ही नोंद म्हणजे बळ आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक घर कागदावर दूषित म्हणून कायम राहते.

नुसते झाकणे म्हणजे मलमपट्टी, असा दुसरा आक्षेप येतो. काम निष्काळजीपणे केले तर तो शंभर टक्के खरा ठरतो, म्हणून काम कसे करायचे हे तपशिलात सांगायला हवे. आधी मोजणी. हातात धरायचे क्ष-किरण यंत्र भिंतीला लावले की मिनिटभरात पारा, शिसे, आर्सेनिक तिन्ही कळतात. वाफेचा मीटर मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर धरून भागत नाही. मूल जिथे श्वास घेते तिथे, जमिनीपासून वीतभर वर, दारे रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडायच्या आधी मोजायचे, आणि चूल पेटवल्यावर पुन्हा. हवेत १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघाले तर त्या घरात गिलाव्याचा विचारच करू नये. माणसे आधी बाहेर काढावीत. डोळ्यांना पाऱ्याचे मणी दिसत असतील तर तेही आधी वेचून, ती माती बंद डब्यात घालून न्यावी लागते. गिलावा धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. मातीचा किंवा जिप्समचा थर सच्छिद्र असतो आणि मागचा धातुरूप पारा त्यातून झिरपत राहतो. हा फरक न समजता सरसकट गिलावा करत सुटले की सर्वांत वाईट घरे सर्वांत सुंदर दिसू लागतात.

काम वरून खाली करायचे. छताखाली अस्तर, मग भिंती, शेवटी जमीन, कारण वरच्या कामाची धूळ खाली पडणार. भांडी, अंथरुणे, धान्य आधी बाहेर. गरोदर बायका आणि मुले त्या दिवसांत दुसरीकडे. भिंत पंपाने फवारून दमट करायची, भिजवायची नाही. भिजली की कच्ची वीट बसते. सुटे पापुद्रे खरवडणीने काढून थेट पोत्यात. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर वर्ज्य. त्यांनी एका तासात उडवलेली धूळ घरातल्या माणसांनी वर्षात उडवली नसती. गिलाव्याची माती बाहेरून, तपासून आणलेली हवी. ही सर्वांत सोपी अट सर्वांत जास्त मोडली जाते, कारण गवंड्याला परसातली माती फुकट मिळते आणि मग दूषित भिंतीवर दूषित थर चढतो. पहिला हात गवत घातलेल्या मातीचा, दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा, जाळी ठोकून. तो सुकून तडकला की तडे भरून वर जिप्समचा किंवा चुन्याचा हात. सिमेंटचा गिलावा पक्का म्हणून लोक तोच मागतात. पण सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, मागची कच्ची वीट दमट होऊन सुटते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याची ढलपी विटेचा थर सोबत घेऊन पडते. आता भिंत पूर्वीपेक्षा जास्त उघडी. सिमेंट जमिनीसाठी ठेवावे. माती न खणता सपाट करायची, जाड प्लास्टिकचा कागद भिंतीवर वीतभर चढवून अंथरायचा आणि त्यावर सात-आठ सेंटिमीटरचा कोबा. भिंत आणि कोबा यांच्यामधली फट राहिली तर जमिनीखालचे सारे त्या फटीतून वर येते, म्हणून ती बंद करणे कोब्याइतकेच महत्त्वाचे. नंतर घरात कोरडा झाडू नाही, ओले फडके. पायताण उंबऱ्याबाहेर.

हे सगळे केल्यावरही झाकण टिकते किती? खिळा ठोकला, नवे दार पाडले, विजेची वायर भिंतीत घातली की ते फुटते. पेरू भूकंपाचा देश आहे. एक धक्का बसला की कच्च्या विटांच्या घराला भेगा जातात, आणि पडलेल्या घराचा मलबा परत तुडवून त्याच्याच नव्या विटा पाडण्याची तिथे रीत आहे. म्हणून आतल्या हाताला वेगळा रंग द्यावा, वरचा थर झिजला की रंग दिसेल. दर वर्षी कोणीतरी घरोघर फिरून पाहावे, दुरुस्तीचे पैसे वेगळे ठेवावेत. आक्षेप घेणाऱ्यांचे इथवर मला पूर्ण मान्य आहे: देखभालीची तजवीज नसेल तर झाकणे हा केवळ विलंब आहे. पण दुसरा पर्याय कोणता मांडला जातो? गाव उठवणे. घर हीच ज्या कुटुंबाची एकमेव मालमत्ता आहे त्याला दूषित म्हणून शिक्का मारला की ते विकता येत नाही, आणि नवे मिळेपर्यंत सोडताही येत नाही. लोक मग तपासणी करणाऱ्यांना दारात उभे करत नाहीत. अनेक गावांत विरोध यातूनच जन्मतो, आणि त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. तपासणी घेऊन येणाऱ्याच्या मागोमाग गवंडी येणार असेल, तर दार उघडते. आणि पुनर्वसनाचा निर्णय व्हायचा तेव्हा होवो, तोवर जन्मलेले मूल रांगायला लागलेले असते.

खर्च कोणी करायचा? स्पेनचा तो राजा मेला, व्हाइसरॉयल्टी गेली, दोनशे वर्षे झाली. ज्याने घाण केली त्याने भरावे हे तत्त्व इथे कोणाला लावायचे, हा प्रश्न खरा आहे. पण पाऱ्याच्या इतर दोन मोठ्या खाणींकडे पाहा. स्पेनमधल्या आल्मादेनला भट्ट्यांच्या कचऱ्याचा प्रचंड ढीग सरकारी पैशाने थर घालून झाकला गेला. स्लोव्हेनियातली इद्रिया १४९० पासून पाचशे वर्षे चाललेली खाण, तीही सरकारी खर्चाने बंद केली गेली. २०१२ मध्ये या दोन्ही गावांना पाऱ्याचा वारसा म्हणून युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. ज्या खाणीने आल्मादेनला भट्टी दिली ती वांकाव्हेलिका त्या यादीत नाही, आणि तिच्या भिंतींची जबाबदारीही कोणाच्या यादीत नाही. पेरू आणि भारत दोघांनीही स्वीकारलेला, पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार दूषित जागांबद्दल बोलतो तेव्हा देशांनी त्या शोधण्यासाठी धोरण आखण्याचा प्रयत्न करावा, इतकेच म्हणतो. प्रयत्न करावा, एवढ्या मऊ शब्दांवर कोणाच्या घराला गिलावा होत नाही. खाणीच्या उत्पन्नावर जे राज्य चालले त्याच्या जागी आज जे राज्य उभे आहे, त्याने जमीन आणि खनिजांचे हक्क वारशाने घेतले असतील तर भिंतीही वारशानेच आल्या आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न खाणींचा नाही, कारखान्यांचा आहे. पाऱ्याच्या सेलवर, म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना पारा वापरणाऱ्या टाक्यांवर, चालणारे कॉस्टिक सोड्याचे कारखाने देशभर होते. उद्योगांच्या पर्यावरणविषयक जबाबदारीच्या २००३ च्या सनदेने २०१२ पर्यंत त्यांना पारा सोडायला सांगितला आणि तंत्रज्ञान बदलले. सेलघरांखालची माती बदलली का? कल्याणजवळ आंबिवलीला काळू नदीतल्या पाऱ्याची चर्चा कित्येक दशकांपूर्वी झाली होती. अशा जागांभोवती आता शहरे आली आहेत, आणि जुन्या कारखान्याचा मलबा भरावासाठी स्वस्त मिळतो. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नियम काढले, त्यात संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. ती यादी सर्व्हे नंबरांची असेल तर ती कुंपणाच्या आतच संपेल. पाडलेल्या सेलघराच्या विटा कोणी नेल्या, भराव कोणत्या चाळीखाली गेला, तिथल्या घरांची जमीन कोब्याची आहे की मातीची, त्यात सहा वर्षांखालची मुले किती, आणि त्यांच्या लघवीचा नमुना कोणी घेतला का, एवढे रकाने त्या फॉर्ममध्ये वाढवायला कुठल्याही आकड्याचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.